युजर झाला, पण घरच नाही : एका व्हेंडर-न्यूट्रल लिनक्स परीक्षेचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे परिसरात लिनक्स शिकवणाऱ्या काही शिक्षकांनी आणि सिस्टीम ॲडमिन मंडळींनी मिळून एक परीक्षा घ्यायचं ठरवलं. पातळी पहिली, म्हणजे नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांसाठी. फी परवडणारी, सूचना मराठीत, आणि मुख्य अट अशी की ती कुठल्या एका कंपनीच्या लिनक्सला बांधलेली नको. रेड हॅटची आरएचसीएसए आहे, ती उत्तम आहे, पण ती रेड हॅटचीच. आम्हाला ‘लिनक्स येतं’ असं म्हणणारं प्रमाणपत्र हवं होतं.

समितीत पाच जण होतो. प्रश्न लिहिण्याचं मुख्य काम माझ्याकडे आलं. माझी सगळी नोकरी रेड हॅट आणि त्याच घराण्यातल्या सेंटॉसवर गेली आहे. ही गोष्ट त्या वेळी कुणाला नोंदवावीशी वाटली नाही, मलाही नाही.

परीक्षा प्रात्यक्षिकाची असावी यावर एकमत झालं. चार पर्यायांतून एकावर टिक करणाऱ्या मुलाला सर्व्हर सांभाळता येईल याची खात्री देता येत नाही. म्हणून मशीनसमोर बसवायचं, कामं द्यायची, आणि शेवटी एका स्क्रिप्टने मशीन तपासून गुण द्यायचे. ही तपासणी स्क्रिप्टही मीच लिहिली.

कॉलेजांच्या लॅबमध्ये मात्र ज्याचं त्याचं वेगळं होतं. एका ठिकाणी डेबियनच्या घराण्यातलं उबुंटू, एका ठिकाणी रेड हॅटच्या घराण्यातलं रॉकी, आणि एका कॉलेजात अजून सेंटॉस ७. एका सरांनी फोन करून विचारलं, “आमच्याकडे बॉस आहे, चालेल का?” बॉस म्हणजे सी-डॅकचं भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स. ते डेबियनवर आधारलेलं असल्याने मी सहज म्हणालो, “चालेल की, लिनक्स ते लिनक्स.” हे वाक्य पुढे मला पुष्कळदा ऐकवण्यात आलं.

पहिल्या चाचणीत काय घडलं

पहिली चाचणी आम्ही लॅबमधल्या आहे त्या मशीनवरच घेतली. सेंटॉस ७ वालं कॉलेज पहिल्या दहा मिनिटांतच बाद झालं. त्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ ला संपली, तिची पॅकेज जिथून उतरवतात त्या मिररची यादी देणारा पत्ताही नंतर बंद झाला. त्यामुळे ‘यम’ने, म्हणजे तिथल्या पॅकेज आणणाऱ्या कमांडने, पॅकेज मागितलं की होस्ट सापडत नाही एवढंच उत्तर येई. मुलांची काही चूक नव्हती. त्यांना चहा पाजून घरी पाठवलं.

खरी गंमत उबुंटूच्या लॅबमध्ये झाली. पहिलाच प्रश्न असा होता : ‘आशा नावाचा युजर तयार करा आणि तिला सुडोचे अधिकार द्या.’ सुडो म्हणजे साध्या युजरला ॲडमिनच्या कमांड चालवू देणारी सोय. हा प्रश्न मला इतका सोपा वाटत होता की मुलांचा हात मोकळा व्हावा म्हणून मी तो सुरुवातीला ठेवला होता.

एका मुलाने ‘युजरॲड आशा’ असं टाइप केलं. चूक आली नाही, प्रॉम्प्ट परत आला. पासवर्ड दिला. मग ‘सु’ करून आशाच्या खात्यात शिरला तर इशारा : होममधल्या आशा डिरेक्टरीत जाता येत नाही, अशी डिरेक्टरीच नाही. तो हात वर करून म्हणाला, “सर, युजर झालाय, पण त्याला घरच नाही.”

वर्गात हशा पिकला. मी मात्र गोंधळलो, कारण वीस वर्षं मी हीच कमांड मारत आलो आणि दर वेळी घर आपोआप तयार झालेलं पाहिलं. रेड हॅटच्या कुटुंबात ‘लॉगिन-डेफ्स’ या फाइलमध्ये घर तयार करा असं आधीच लिहून ठेवलेलं असतं. डेबियन आणि उबुंटूमध्ये तसं नसतं, तिथे ‘युजरॲड’ला ‘एम’ हा पर्याय द्यावा लागतो. त्या बाजूची माणसं सहसा ‘ॲडयुजर’ वापरतात. ती वेगळी कमांड आहे, प्रश्न विचारत विचारत घरासकट सगळं करते. रेड हॅटवर ‘ॲडयुजर’ आहे, पण ती ‘युजरॲड’कडे बोट दाखवणारी नुसती लिंक. म्हणजे दोन्हीकडे दोन्ही नावं आहेत, आणि अर्थ मात्र वेगवेगळे.

यापेक्षा वाईट गोष्ट तपासणी स्क्रिप्टमध्ये दडली होती. आशा ‘व्हील’ या ग्रुपात आहे का, एवढंच मी तपासत होतो. रेड हॅटवर सुडोचा ग्रुप तोच. उबुंटूवर त्या ग्रुपचं नाव ‘सुडो’. ज्या मुलांनी आशाला बरोबर ‘सुडो’ ग्रुपात घातलं, त्यांना स्क्रिप्टने शून्य दिलं. आणि एकाने पुस्तकात ‘व्हील’ वाचलं होतं. त्याला ‘असा ग्रुप नाही’ असं उत्तर आलं, तेव्हा त्याने तो ग्रुप स्वतःच तयार केला आणि आशाला त्यात टाकलं. त्या ग्रुपला सुडोच्या नियमांत काही स्थानच नव्हतं, आशाला एकही अधिकार मिळाला नव्हता. स्क्रिप्टने त्याला पूर्ण गुण दिले.

बरोबर उत्तराला शून्य आणि चुकीच्या उत्तराला पूर्ण गुण, आणि तेही पहिल्याच प्रश्नात.

रॉकीच्या लॅबमध्ये सगळं ठीक असेल असं मी गृहीत धरलं होतं. तिथे समितीतल्या दुसऱ्या एकाचा प्रश्न आडवा आला. हा गृहस्थ पक्का डेबियनवाला. त्याचा प्रश्न : दोन जीबीचा लॉजिकल व्हॉल्यूम (डिस्कचा आकार बदलता येणारा भाग) आतला डेटा न गमावता एक जीबीचा करा. त्याच्या मशीनवर फाइल सिस्टीम ‘ईएक्सटी-४’, ती लहान करता येते. रॉकीवर इन्स्टॉल करतानाच ‘एक्सएफएस’ येते, आणि ती वाढवता येते पण लहान करता येत नाही. सरळ मार्गाने प्रश्न सुटणं अशक्य होतं. तरीही एका मुलीने तो सोडवला. तिने डेटा ‘टार’ करून बाजूला ठेवला, व्हॉल्यूम काढून टाकला, नवा एक जीबीचा केला, फॉरमॅट केला, डेटा परत आणला. यात तिचा इतका वेळ गेला की पुढचे तीन प्रश्न कोरे राहिले. एकूण गुणांत ती मागे पडली. खरं तर त्या खोलीतली सगळ्यात चांगली ॲडमिन तीच होती, हे परीक्षा सोडून सगळ्यांना कळलं.

समोर असलेले पर्याय

त्या रात्रीची बैठक लांबली. चार वाटा टेबलावर आल्या.

पहिली वाट गाभ्यापुरतं विचारण्याची. फाइलींच्या कमांड, परवानग्या, पाइप, ग्रेप, प्रोसेस, सिस्टीमडीच्या सेवा. सिस्टीमडी २०१४ मध्ये रेड हॅटच्या आरएचईएल ७ मध्ये आणि २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ मध्ये आल्यापासून सेवा सुरू-बंद करण्यातला मोठा फरक मिटला आहे, तेव्हा गाभा बराच रुंद झाला आहे. पण या वाटेने पॅकेज, नेटवर्क, फायरवॉल हे सगळं बाहेर राहतं. ॲडमिनची सकाळ याच तीन गोष्टींत जाते. परीक्षा निर्दोष झाली असती आणि निरुपयोगीही.

दुसरी वाट उमेदवाराला निवड देण्याची. लिनक्स फाउंडेशनने २०१४ मध्ये एलएफसीएस ही परीक्षा सुरू केली तेव्हा सेंटॉस, ओपनसुसे आणि उबुंटू यांतून निवडायची मुभा होती. न्याय्य वाटतं, पण मग दोन परीक्षा तयार होतात, आणि त्या सारख्याच अवघड आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते.

तिसरी वाट दोन्ही घराणी सक्तीची करण्याची. एलपीआय ही लिनक्सची प्रमाणपत्रं देणारी १९९९ पासूनची संस्था. तिच्या एलपीआयसी-१ च्या अभ्यासक्रमात डेबियनची पॅकेज व्यवस्था आणि रेड हॅट घराण्याची आरपीएम-यमची व्यवस्था असे दोन वेगळे घटक आहेत आणि दोघांना सारखंच वजन आहे. लेखी परीक्षेत हे जमतं. आमच्या प्रात्यक्षिकात एकच लॅब पाहिलेल्या मुलाने दुसऱ्या घराण्याच्या कमांड नुसत्या घोकल्या असत्या.

चौथी वाट तक्ता देण्याची. प्रश्नपत्रिकेसोबत एक पान : इकडे हे नाव, तिकडे ते. डेबियनवाला म्हणाला, “तक्ता दिलास की उत्तर दिलंस.” मी म्हणालो, “नोकरीवर कमांडची माहिती देणारं मॅन पेज कुणी काढून घेतं का?” दोघांचंही काही अंशी बरोबर होतं.

यापैकी एकही वाट धड निवडता येईना. शेवटी समितीतल्या एक मॅडम, ज्या आतापर्यंत शांत होत्या, म्हणाल्या की तुम्ही सगळे फरक एकाच पोत्यात भरताय, म्हणून सुटत नाहीये. आधी फरक निवडून वेगवेगळे करा.

फरकांची वही

मॅडमनी दोनशे पानी वही आणली आणि तीन रकाने आखले. नावं त्यांनीच दिली, आणि ती इतकी चिकटली की आमच्या कागदपत्रांतही तीच आहेत.

पहिला रकाना ‘पोळी-चपाती’. वस्तू एकच, नाव वेगळं. अपॅची हा वेब सर्व्हर डेबियनवर ‘अपॅची-२’, रेड हॅटवर ‘एचटीटीपीडी’. इकडे ‘क्रॉन’, तिकडे ‘क्रॉनडी’. मशीन सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या ग्रबची फाइल नव्याने लिहायची कमांड इकडे एक, तिकडे दुसरी. या फरकांत कौशल्य काही नाही. ठरलं की नावं प्रश्नातच द्यायची.

दुसरा रकाना ‘साखरेचा चहा’. काही घरी चहा म्हटलं की साखर घालूनच येतो, काही घरी विचारून घालतात. न सांगता काय गृहीत धरलं जातं त्यातला हा फरक. आशाचं घर याच रकान्यातलं. उबुंटूवर ‘युजरॲड’ शेलही, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचणारा प्रोग्रामही, वेगळं देतं. ‘एसएच’ या साध्या शेलचंही तसंच : उबुंटू-डेबियनवर त्यामागे ‘डॅश’ असतं, रेड हॅटवर ‘बॅश’, आणि बॅशची खास वळणं डॅशला कळत नाहीत. हा रकाना सगळ्यात लांब झाला, आणि सगळ्यात धोकादायकही हाच, कारण इथे चूक दाखवणारा संदेश येत नाही. उपाय एकच : प्रश्नात काहीही गृहीत धरायचं नाही. ‘युजर तयार करा’ ऐवजी ‘युजर तयार करा; तिची होम डिरेक्टरी असावी, लॉगिन शेल बॅश असावं, आणि तिला सुडोने कोणतीही कमांड चालवता यावी.’ प्रश्न लांबले. पण कुणाच्या हाताच्या सवयीला फुकटचे गुण मिळणं थांबलं.

तिसरा रकाना ‘वेगळं स्वयंपाकघर’. इथे पदार्थच वेगळा. एसईलिनक्स आणि ॲपआर्मर, म्हणजे प्रोग्रामला कशाला हात लावू द्यायचा हे ठरवणाऱ्या सुरक्षा व्यवस्था. एक्सएफएस आणि ईएक्सटी-४. उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅनची याम्ल फाइल आणि रॉकीवर नेटवर्कमॅनेजर. या रकान्यातल्या प्रत्येक ओळीवर वेगळा निर्णय घ्यावा लागला. व्हॉल्यूमचा प्रश्न ‘लहान करा’ऐवजी ‘वाढवा’ असा उलटवला. तो दोन्हीकडे सुटतो, ‘एलव्हीएक्स्टेंड’ला ‘आर’ पर्याय दिला तर एकाच ओळीत. नेटवर्कचा प्रश्न ठेवला, पण मशीन रीबूट झाल्यावर पत्ता टिकतो का एवढंच पाहायचं, फाइल कुठली बदलली ते नाही.

तपासणी स्क्रिप्ट मी मुळापासून लिहिली. आधी ती पाऊलखुणा पाहत होती : अमुक ग्रुप, अमुक फाइल, अमुक ओळ. आता ती निकाल पाहते. आशाला सुडोत काय चालवता येतं हे थेट सुडोलाच विचारते. वेब पान येतं का हे पान मागवून बघते. अयशस्वी लॉगिनचा प्रश्नही तसाच सुटला. उबुंटूवर ते ‘ऑथ-लॉग’मध्ये सापडतात, रॉकीवर ‘सिक्युअर’मध्ये. आणि २०२३ च्या डेबियन १२ मध्ये या लॉग फाइली लिहिणारं आर-सिसलॉग मुळात इन्स्टॉलच होत नाही, सगळं सिस्टीमडीच्या जर्नलमध्ये. म्हणून फाइल विचारायची सोडून ‘कोणत्या आयपीवरून प्रयत्न झाले’ हे विचारलं.

मशीनही आम्ही आमची द्यायचं ठरवलं : उबुंटू २४.०४ आणि रॉकी ९ च्या तयार इमेज, त्यातली एक उमेदवाराने निवडायची. लॅबमध्ये काय आहे याच्याशी उमेदवाराचं नशीब बांधायचं नाही.

वेब सर्व्हरचा वाद

एका प्रश्नाने दोन बैठका खाल्ल्या. ‘वेब सर्व्हर इन्स्टॉल करा, दिलेलं पान दिसलं पाहिजे, रीबूटनंतरही.’

आम्ही दोन्ही बाजूंची पावलं मोजली. उबुंटूवर पॅकेज इन्स्टॉल केलं की सेवा आपोआप सुरू होते आणि रीबूटनंतरही सुरू राहते. फायरवॉल मुळात निष्क्रिय असते. एक पाऊल, काम फत्ते. रॉकीवर इन्स्टॉल केल्यावर सेवा झोपलेलीच असते. ती सुरू करा, कायमची चालू करा, फायरवॉलमध्ये एचटीटीपीला वाट द्या, फायरवॉल पुन्हा लोड करा. गुण मात्र सारखेच.

त्यात एसईलिनक्सचा काटा. दिलेलं पान उमेदवाराच्या होम डिरेक्टरीत होतं. ‘सीपी’ने नेलं तर ठीक. ‘एमव्ही’ने हलवलं तर फाइल आपलं जुनं लेबल अंगावर घेऊनच जाते आणि रॉकीवरचा अपॅची ती वाचू शकत नाही, ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे परवानगी नाही. उबुंटूवर तोच ‘एमव्ही’ बिनबोभाट चालतो.

मी म्हणत होतो, रॉकी घेणाऱ्याला हे यायलाच हवं. डेबियनवाला म्हणाला, “मग माझ्या पोरांना त्याच्या तोडीचं काय विचारणार?” मला उत्तर सुचलं नाही, आणि तिथेच निर्णय झाला. इमेजमध्ये वेब सर्व्हर आधीच इन्स्टॉल केलेला, पण दोन्हीकडे बंद. फायरवॉल दोन्हीकडे चालू. पान हलवायचं नाही, जागेवरच नवीन लिहायचं. पॅकेज इन्स्टॉल करण्याचा प्रश्न वेगळा काढला. तेव्हापासून नियम पडला की प्रत्येक कामाची दोन्ही घराण्यांतली कमीत कमी पावलं मोजायची, आणि दोनपेक्षा जास्त फरक दिसला तर प्रश्न परत लिहायचा. तंतोतंत तराजू हा नव्हे, पण मोजमाप नसण्यापेक्षा बरा.

एसईलिनक्स अशा रीतीने प्रात्यक्षिकातून गेलं. मला ते अजून रुचलेलं नाही.

सुसे या आणखी एका लिनक्सबद्दल थोडक्यात. मॅडमचं म्हणणं होतं की सॅप या कंपन्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची कामं जिथे चालतात तिथे सुसे भेटतंच, आणि पुण्यात ती कामं थोडी नाहीत. तिसरी इमेज सांभाळायला माणूस नव्हता, म्हणून सुसे वगळलं आणि तसं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं. अल्पाइन या लिनक्सचा मुद्दाही निघाला, तोही याच कारणाने मागे पडला.

प्रमाणपत्रावर काय छापायचं

निवड द्यायची ठरल्यावर पुढचा पेच : उमेदवाराने कुठल्या घराण्यावर परीक्षा दिली ते प्रमाणपत्रावर लिहायचं का? लिहिलं तर ते व्हेंडर-न्यूट्रल उरत नाही. न लिहिलं तर नोकरी देणाऱ्याची दिशाभूल होते. मतदान झालं, तीन विरुद्ध दोन, न लिहिण्याच्या बाजूने.

पहिली तुकडी बाहेर पडल्यावर एका कंपनीतून फोन आला. त्यांच्याकडे सगळं रॉकी. आमच्या प्रमाणपत्राचा मुलगा घेतला, त्याने पहिल्या दिवशी ‘एपीटी’ ही उबुंटूची पॅकेज कमांड मारली, कमांड सापडत नाही असं आलं, आणि तो कुणीतरी येऊन सांगेपर्यंत बसून राहिला. “तुमच्या कागदावर तर लिनक्स लिहिलंय,” पलीकडचा माणूस म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं.

मग आम्ही एक नवं काम जोडलं, ‘अनोळखी मशीन’. शेवटची पंधरा मिनिटं उमेदवाराला त्याने न निवडलेल्या घराण्याच्या मशीनवर बसवायचं. मॅन पेज उघडी. कामं शोधण्याची : ही फाइल कुठल्या पॅकेजने आणली, कुठली सेवा पडली आहे आणि का, हे साधन इन्स्टॉल करून दाखवा. तोंडपाठ काही अपेक्षित नाही.

निष्पत्ती

दुसऱ्या चाचणीत पहिल्या प्रश्नावर कुणी हात वर केला नाही. दोन्ही लॅबमध्ये स्क्रिप्टचे गुण आणि शेजारी उभ्या राहिलेल्या शिक्षकाचा अंदाज जुळत होता. दोन्ही बाजू समान अवघड आहेत असं ठामपणे सांगायला उमेदवारांची संख्या अजून तोकडी आहे. हाताशी आहे ती पावलांची मोजणी.

‘अनोळखी मशीन’ने आमचे डोळे उघडले. बाकी प्रश्नांत पुढे असलेली काही मुलं तिथे गारठली. उबुंटूची सवय असलेला एक मुलगा मात्र रॉकीसमोर बसला आणि कुठलीही कमांड मारण्याआधी ‘ईटीसी’मधली ‘ओएस-रिलीज’ फाइल उघडून पाहिली. ही फाइल दोन्ही घराण्यांत असते, मशीन कोणाचं आहे ते सांगते. मग ‘डीएनएफ’ या रॉकीच्या पॅकेज कमांडचं मॅन पेज काढून शांतपणे वाचत बसला. त्याचा वेळ संपला तेव्हा तीनपैकी दोन कामं झाली होती.

वेगळं काय करता आलं असतं

प्रश्न लिहिण्याआधी प्रत्येकाने आपण कुठल्या मशीनवर वाढलो हे कागदावर लिहायला हवं होतं. माझं ‘उघडच आहे’ हे रेड हॅटचं होतं, डेबियनवाल्याचं डेबियनचं, आणि एकमेकांचे प्रश्न एकमेकांच्या मशीनवर सोडवायला बसलो असतो तर पहिली चाचणी एका संध्याकाळीच आमच्यापुरती फसली असती, मुलांसमोर नाही.

व्हॉल्यूमचा प्रश्न सोडवणाऱ्या मुलीला आम्ही काही वेगळे गुण दिले नाहीत. नियमात बसत नव्हतं. चाचणीच तर होती, नियम आमचेच होते, मोडता आले असते.

आणि वही कुणा एकाच्या नावावर करायला हवी होती. दर नव्या आवृत्तीला तिच्यात बदल होतो, पण आठवणीने करणारा कुणी नाही. आम्ही ज्याला गाभा म्हणून सुरक्षित समजत होतो तोही हलतो आहे : उबुंटू २५.१० मध्ये ‘एलएस’, ‘सीपी’सारख्या रोजच्या कमांड रस्ट भाषेत नव्याने लिहिलेल्या येतात, आणि सुडोही. मॅडमनी ही नोंद पेन्सिलने केली आहे. तीनपैकी कुठल्या रकान्यात टाकायची ते ठरलेलं नाही, म्हणून ती समासात आहे.